शून्य माणसांनी ठोकलंय

सालकिन-एजे आधी गुडघे टेकते,
मग नदीकडे बघते.
पहिल्या सकाळी मला वाटलं, प्रार्थना असेल.
ती म्हणाली, छे, डोळा पाण्याच्या रेषेत यायला हवा.
उभ्याने पाहिलंस तर पाण्याखालच्या रेघा
वर उचलल्यासारख्या दिसतात,
आणि तू बुडालेलंच वाचून येतोस घरी.

नारिनच्या वरच्या खोऱ्यात, पुलाच्या तिसऱ्या खांबाला
ही पांढरी लोखंडी पट्टी.
तिला काळे दात.
एकशे चाळीसच्या वर तीन घरं दिसली,
मी लिहिलं एकशे त्रेचाळीस.
आठवडाभर असंच लिहिलं, सुवाच्य, न खोडता.
सातव्या दिवशी चहा ओतता ओतता तिनं विचारलं,
"एक घर केवढ्याचं?"
मी विचारलंच नव्हतं कुणाला.
दोनाचं.
आठवडाभर नदी माझ्या वहीत
आखडतं घेत वाहिली होती.

लाट आली की माथा वाच, मग खळगा वाच,
तीनदा.
मधलं काढ, आणि घाई करू नकोस,
बर्फाचं पाणी आहे, बोटं बधिर होतात,
बधिर बोटांना पाच आणि आठ सारखेच लिहावेसे वाटतात.

मार्चमध्ये पाणी पट्टीच्या पायाखाली उतरलं.
मी शून्य लिहिलं.
नदी काहीच नाही याहून कमी कशी असेल?
तिनं एक सरळ रेघ मारून माझं शून्य खोडलं
(रबर चौकीत ठेवतच नाहीत)
आणि वर लिहिलं, उणे चार.
"शून्य माणसांनी ठोकलंय," ती म्हणाली,
"तळ नदीचा आहे."

एका हिवाळ्याची वही मात्र ती मला देत नव्हती.
मी शोधून काढली.
एकशे बारा. एकशे बारा. एकशे बारा.
सकाळी आठ, रात्री आठ, एकोणचाळीस दिवस.
अक्षर टोकोनचं, तिच्या नवऱ्याचं.
इतकी आज्ञाधारक नदी मी जन्मात पाहिली नाही.
तो तेव्हा शेगडीपाशी बसून असायचा
बाटली आणि नमद्याची टोपी घेऊन,
आणि खिडकीतून खांब दिसत नाही.
समासात पेन्सिलीनं, बारीक: संशयास्पद.
हे अक्षर तिचं.
मापात पाप म्हणतात ते एवढंसं असतं,
नऊ अक्षरांपेक्षाही लहान.

मग जूनमध्ये मोजणीवाला आला,
तिपाई रोवली, एक डोळा मिटला,
आणि म्हणाला, पट्टी पुरात खचलीय. तीन सेंटिमीटर.
म्हणजे गेले एकोणीस महिने
गुडघे टेकून वाचलेलं सगळं,
मध्यरात्री कंदील धरून वाचलेलंसुद्धा,
तीननं चढं.
मला वाटलं ती कोसळेल.
तिनं नान मोडला, लोणी लावलं, खाल्लं,
आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहीत बसली:
वजा तीन. वजा तीन. वजा तीन.
"माझी चूक एका चालीची आहे," ती म्हणाली,
"तिला हात धरून परत आणता येतं."
टोकोनची वही तिनं उघडली, मिटली.
त्याच्या आकड्यांतून वजा करायला
तिच्याकडे काही नव्हतं.

आता तिचे गुडघे वाकत नाहीत.
ती काठावर स्टुलावर बसते, शाल कानांवरून,
मी खाली उतरतो.
पाणी दोन दातांच्या मध्ये कुठेतरी थरथरतं,
ना या घरात ना त्या.

"किती?"
"एकशे सत्तेचाळीस."
"सात वाचलास, की ठरवलास?"

मी बोलत नाही.
टॉर्च तोंडात धरतो
आणि पुन्हा गुडघे टेकतो.