बेअरिंग तपासणी

नकाशावर वारा निळ्या बाणांचा होता,
सगळे बाण एका दिशेला, प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे.
दोन मनोरे, मधे फट.
फटीत वारा शिरेल, चिंचोळा होईल, वेग घेईल,
तीन पंखे फिरवेल,
जिन्यातले दिवे फुकटात.

खरा वारा मास नदीवरून येतो,
क्रेना ओलांडत, डिझेलचा वास घेऊन,
आणि इमारतीच्या कोपऱ्यावर अडखळतो,
घर चुकलेल्या माणसासारखा.

मी हार्मके. पंख्यांना ग्रीस लावते.
आजोबांची पवनचक्की होती, राय दळायचे.
मी आकडे दळते:
या महिन्यात इतके युनिट, अंदाजाच्या निम्मे.

अडतिसाव्या मजल्यावरून ऑफरमार्सबाईंचं पत्र आलं:
रात्री पलंग गुणगुणतो.
ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात,
कवळी वाटीत कुरकुरते.
समितीने ठराव केला, अकरा ते सात पाती बंद.
मी ब्रेक लावू लागले.

दहा दिवसांनी दुसरं पत्र, अक्षर जरा तिरकं:
आता झोपच येत नाही.
नवरा तीस वर्षं बोटीवर इंजिनाला लागून झोपला,
मी त्याला लागून.
त्या घरघरीवरून जन्मभर भांडले.
समितीने पत्र फायलीला लावलं.

मग मी ब्रेक बाराला लावायचे. कधी एकला.
वहीत लिहायचे, बेअरिंग तपासणी.

मार्चमध्ये स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं मावेना.
बाईंना उभ्याने खाली नेलं,
पट्टे बांधून, अडतीस मजले.

आजोबांच्या गावात कुणी गेलं की चक्की थांबायची,
पण कशीही नाही.
एक पातं तळाचा बिंदू नुकतंच ओलांडून पुढे गेलेलं.
बाळ झालं तर बिंदूच्या अलीकडे,
येऊ घातलेलं.
ज्याला वाचता यायचं त्याला कोसावरून कळायचं.

मी हाताने शाफ्ट फिरवला,
बोटभर, आणखी बोटभर.
पिन घातली.
मग दुसरा पंखा. मग तिसरा.

खाली सायकली, ट्राम, कुणाची मान वर नाही.
समितीचा फोन: वारा इतका छान, पंखे का बंद?
बेअरिंग, मी म्हटलं.

वाळू भरलेली एक बोट तेवढी
पुलाखाली शिरताना वाजली,
लांब, एकदाच.
पुलासाठीही असेल.