दोन सूत

हिंगणा रोडवर, बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात
मी पोलिसांची खोली बांधतोय.
दहा बाय बारा. भिंती प्लायच्या,
तीनच. चौथीच्या जागी कॅमेरा.

आर्टवाल्या पोराने फोनवर चित्र दाखवलं:
वरून लोंबणारा एकच दिवा,
एक भिंत अख्खी काळ्या काचेची,
मध्ये लोखंडी टेबल, बाकी सगळा अंधार.
"भीती वाटली पाहिजे, काका."
मी हो म्हटलं. रोजीवर आलोय,
हो म्हणायचे साडेनऊशे मिळतात.

पण भीती अंधारात नसते रे, बाबू.
तिथे ट्यूबलाइट होती, लख्ख,
एका टोकाला काळी पडलेली.
खिडकीत कूलर, त्याची खस वाळून कोळ झालेली,
आणि टाकीत पाणी कोणी भरायचं
यावर दोन शिपायांचं भांडण.
कपाटावर लाल फडक्यातले गठ्ठे,
पतपेढीचं कॅलेंडर, मे महिना,
कोणाची तरी जप्त केलेली लेडीज सायकल
भिंतीला टेकून, घंटीसकट.
कोणीही आत यायचं, स्टेपलर मागायचं, निघून जायचं.
अशा खोलीत माणसाला ओरडता येत नाही.
ओरडायला जरा एकांत लागतो.

मला विचारलं होतं फक्त एक.
इतवारीतल्या सराफाचं फर्निचर तुम्ही केलं,
आतल्या चोरकप्प्याची जागा कोणाकोणाला ठाऊक?
डोंगरवार हवालदार. हात उगारला नाही त्याने.
चष्मा काढायचा, पुसायचा, परत घालायचा.
"काहून घाबरतं बे? सांग न, मंग जाय घरी."
रात्रभर एवढंच.
मग बाहेरून तर्रीचा वास आला,
आणि त्यावरून कळलं की सकाळ झाली.
त्याने दोन प्लेटी पोहे मागवले.
एक माझ्याकडे सरकवली. वर कच्चा कांदा, चणे.
मी पहिला घास घेतला
आणि केवलरामचं नाव सांगितलं.

खोटं नव्हतं ते.
केवलराम हेडाऊला जागा ठाऊक होतीच.
मलाही होती.
ते मी पोह्यांबरोबर गिळलं.

अकरा महिन्यांनी सराफाचा भाचाच निघाला चोर.
केवलराम सुटला तेव्हा मी
उमरेडला काम धरलं होतं, मुद्दाम लांबचं.
त्याने निरोप धाडला नाही, शिवी नाही,
पटाशीही मागितली नाही.
पाऊण इंची, सागाच्या मुठीची. आमच्या दोघांच्या
पेट्यांची त्या दिवसात सरमिसळ झालेली.
अजून धार धरते. या दाराची चौकट
तिनेच कोरली परवा.

काल संध्याकाळी लाइट लावून पाहायची होती.
हिरो आलेला नव्हता.
"काका, तुम्हीच बसा जरा खुर्चीत."
बसलो.
एक पाय मी दोन सूत आखूड ठेवलाय,
कोणी सांगितलं नव्हतं.
तिथली तशीच होती; खरं बोला, खोटं बोला,
माणूस एकाच अंगाला कलायचा.

दिवा पेटला. चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं झालं.
पलीकडच्या खुर्चीत आर्टवाला पोरगा,
हातात कागद, गंमत म्हणून दरडावून:
"बोल! कोणकोण होतं?"
लाइटवाले हसले.
समोर भिंतच नव्हती. तीन पावलांवर गोदामाचं दार,
दाराबाहेर माझी सायकल.

मी नाव सांगितलं. माझं,
बापाच्या नावासकट, गावासकट,
जसं पंचनाम्यात लिहितात तसं.

कुठून तरी साउंडवाला म्हणाला,
"रेकॉर्डिंग सुरू नाही अजून."
दिवा विझला. डोळ्यांपुढे हिरवी टिकली नाचत राहिली.
पोरगा उठता उठता म्हणाला,
"खुर्ची डुगडुगते, काका. उद्यापर्यंत नीट करा,
आवाज येतो तिचा."

पाचर तासायला पेटी उघडली.
वरच होती पटाशी.