व्हाया चामोर्शी

परवानगीच्या कागदावर टाईप केलेलं होतं :
कोसमटोला, सातनाला पूल, मार्कंडा.
कागद पुराच्या आधीचा.
मी लाल पेनानं पूल खोडला,
वर लिहिलं, व्हाया चामोर्शी.
बत्तीस किलोमीटर जास्त,
डिझेलपायी पोरामागं चाळीस रुपये.

सुनयना उसेंडीनं चाळीस रुपये आणले,
सगळी चिल्लर,
आणि फडक्यात बांधलेले मोहाचे लाडू.
"सर, मावशी पुलाच्या तिकडं राह्यते न माही.
गाडी थांबली असती दोन मिंटं."

भूगोलाच्या तासाला मी हीच नदी काढायचो.
निळा खडू दरवर्षी आधी संपायचा.

फाट्यावर काटेंगेनं न सांगता ब्रेक दाबला.
खाली पाण्यात दोन खांब,
वर नुसतं आभाळ.
पल्याड एक बाई, डोक्यावर सरपण.
सुनयना खिडकीतून बराच वेळ पाहत राहिली.
"ते नोहे," म्हणाली,
आणि तरीही हात हलवला.
मग त्रेचाळीस पोरांनी हलवला.
बाईनं मोळी खाली ठेवली.

रात्री अहवालात लिहिलं :
नियोजित नसलेला थांबा, दोन मिनिटं.
कारणाचा रकाना
कोराच पाठवला.