चपला

फायाओच्या तळ्यामध्यावर
बुआखामने वल्हं उचललं, म्हणाली, "चपला काढा."
इकडेतिकडे पाहिलं.
ना पायरी, ना उंबरठा.
पाणी, आणि जलपर्णीचा एक चुकार झुबका.

विहार खाली आहे.
बांध घातला, तेव्हा पाणी चढत गेलं
बुद्धाच्या मांडीवर, खांद्यावर, मग दिसेना.
तिच्या मामाचं जाळं एकदा
स्तूपाच्या टोकाला अडकलं.
ओढलं नाही त्याने. दोर कापला.
"चीवर दिलं समजायचं," ती हसते,
एक दात नसलेलं.

नाव फिरते, उजवी घालून, तीनदा.
वाकून बघतो तर माझंच तोंड,
घामेजलेलं.

"आता घाला."
फळीच्या फटीतून आलेलं पाणी
चपलांत साचलंय.
हे तळ्यात ओतायचं
की कुठे,
विचारायला शब्द नाही माझ्याकडे.