पीस

इंदूरच्या शीतलामाता बाजारात, साडीच्या दुकानावर
आमचा इंग्रजीचा क्लास.
सर म्हणाले, ‘ॲडव्हाइस’ मोजता येत नाही,
एकच द्यायचा तर म्हणा, अ पीस ऑफ ॲडव्हाइस.

पीस?
चाळीस वर्षं मी ब्लाउजपीस बेतते.
विचारलं, सर, पन्ना किती?
पोरं हसली. सरही.

माझ्या सासूबाई अख्खं ठाण उलगडायच्या,
सकाळी चहाबरोबरच सुरू.
त्यातलं बरंच आटलं, रंग गेला,
काही मी मुद्दाम हरवलं.
एक चिंधी तेवढी उरलीय:
कात्री लावण्याआधी
कापड एकदा भिजवून घे, द्वारके.

वहीत लिहिलं: पीस. अनेकवचन, पीसेस.
मग शिवणीपुरती जागा सोडून
पुढचा शब्द.