बहात्तर किलो

पहिल्या जिममध्ये काचाच काचा.
पोरगा म्हणाला, वर्षाचे एकदम भरलेत तर
टॉवेल फुकट.
गिएद्रेनं मान डोलावली
अन् ट्रॉलीबस पकडून नेमुनासच्या पल्याड गेली.

दुसरीत तिचं पोट चिमट्यात धरून मोजलं.
"उन्हाळ्यापर्यंत उतरवून टाकू, आजी."
तिला उतरवायचं काहीच नव्हतं.

तिसरी तळघरात, चांभाराच्या दुकानाखाली.
गंजाचा, घामाचा, उकडलेल्या बिटाचा वास.
योविता डबा खाता खाताच म्हणाली,
"काय उचलायचंय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

"नवरा," गिएद्रे म्हणाली.
"पलंगावरून खुर्चीत. डावी बाजू गेलीय त्याची.
बहात्तर किलो.
मार्चमध्ये चौऱ्याहत्तर होता."

योविता हसली नाही, हळहळलीही नाही.
डब्याला झाकण लावलं,
कोपऱ्यातली वाळूची गोणी फरफटत आणली,
बाराच किलोची.
"हिला मिठी मारा.
पाठीनं नाही, मांड्यांनी उठायचं."

फी किती, ते विचारायचं राहूनच गेलं.

गोणीला कुठली मान?
तरी गिएद्रेनं सवयीनं
आधी मानेखाली हात घातला.