निव्वळ

आमच्या जिनिंगच्या धरमकाट्याला
दहा किलोच्या खालचं काही कळत नाही.
ट्रक चढला की आकडे थरथरतात, मग थांबतात.
भरल्याचं वजन, रिकाम्याचं वजन,
एकातून दुसरं गेलं की निव्वळ.
हे मी दिवसातून साठ-सत्तर वेळा करते
काचेच्या खिडकीआड बसून,
बी.कॉम., द्वितीय श्रेणी, वय तेवीस,
पगार नऊ हजार आणि दिवाळीला सोनपापडीचा डबा.

सकाळ मात्र माझी असते.
स्कूटी दोन किकांना ऐकत नाही, तिसरीला ऐकते.
तोंडाला स्कार्फ गच्च, फक्त डोळे उघडे,
आणि आत, कापडाच्या त्या एवढ्याशा खोलीत
मी वाट्टेल ते गाते,
वणा नदीच्या पुलापर्यंत, बेसूर, मोठ्यानं.
समोरून येणाऱ्या ठोंबरे मास्तरांना वाटतं
पोरगी पाहा कशी गुमान चालली कामाला.

पुढे कापसाची गाडी असली
तर मी तिला मागे टाकत नाही.
ताडपत्रीच्या फटीतून सुटलेले पुंजके
उडत येतात भुवयांवर, हॅंडलवर.
एक तरी हातात धरायचा.
नाही धरला तरी कुणी हिशोब मागत नाही.

दुपारी वैजंती मडावी गाठींचा आकडा घेऊन येते,
ओढणीत तुरीच्या शेंगा,
मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अजून कोमट.
तेव्हा आम्ही बोलत नाही.
शेंग दातात धरून ओढायची,
दाणे जिभेवर, टरफलं रजिस्टरवर.
पंचेचाळिसाव्या पानावर ओला डाग पडला.
साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, शाई पसरली.

"केव्हा सुधरशीन तू?" आई विचारते,
कारण पगाराच्या दिवशी मी जांभळी नेलपॉलिश आणली
आणि आधी पायाला लावली,
जिथं मोज्याच्या आत ती फक्त मला माहीत.
रविवारी आर्वीचे पाहुणे येणार आहेत.
पोह्यांची बशी पुढं करताना
बोटं झाकायची कशी,
सध्या माझ्या आयुष्यात एवढाच प्रश्न आहे.
(नाही, आणखी आहेत.
पण ते दहा किलोच्या वरचे,
त्यांची नोंद आपोआप होते.)

खरं तर कालचं सांगायचं होतं.
शेवटची गाडी रिकामी होऊन गेली,
सात वाजले, थंडी पायातून चढू लागली.
प्रेसवरचा प्रीतम लोहकरे हात पुसत आला,
"चाल न, आपलं वजन करून पाहू."
एवढ्या मोठ्या लोखंडी पाटावर
मी एकटी उभी राहिले, नाटकातल्यासारखी.
साठ.
डावीकडे सरकले, एका पायावर झाले. साठ.
वैजंती पन्नास. "खोटं बोलून राह्यला काटा," ती म्हणाली, पण खूश झाली.
प्रीतम साठ.
मग तिघंही चढलो.
एकशे ऐंशी.

आम्ही बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
ही दहा किलो कुणाची?
"शेंगांची," वैजंती म्हणाली,
आणि प्रीतम असा हसला की पाट हलला,
आकडे पुन्हा थरथरले.

मी धावत आत जाऊन पावती काढली.
गाडी क्रमांक टाकल्याशिवाय मशीन पुढं सरकत नाही,
म्हणून टाकलं: पायी.
मालाचा प्रकार तिनं स्वतःच छापला: कापूस.
भरल्याचं वजन, एकशे ऐंशी.
त्याखालच्या दोन ओळी कोऱ्या.

रिकाम्याचं वजन करायला
आम्ही थांबलो नाही.
फाटकाबाहेर एक उशिराची गाडी हॉर्न देत होती,
वैजंतीची एक चप्पल अजून काट्यावरच होती,
आणि मी पावतीची घडी करून
मोबाईलच्या कव्हरमागे सरकवत होते,
थंडीनं बोटं नीट वळत नव्हती.